नरक्याला लागला शेंदूर

मंडळी, आज मी आमच्या आप्पांना हरवलं!

सकाळी अनगोळहून खानापूरकडच्या गावी पोचले, तर वडील बांधावर कुऱ्हाड घेऊन उभे. नरक्याचं झाड तोडायचं होतं. "फुलं लई घाण वास मारत्यात गं!"

मी झाडाला पाठ लावून उभी राहिले. "आप्पा, आपल्या आक्काला दिलेलं कॅन्सरचं औषध असल्याच झाडापासून बनतंय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली लेक. आता ठणठणीत आहे.

आप्पांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय?"

संध्याकाळी बघते तर नरक्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड, पुढं नारळ. आप्पा शेजाऱ्यांना दम देत होते, "देवाचं झाड हाय, हात लावायचा न्हाय!"

मी मुद्दाम विचारलं, "आणि वास, आप्पा?"

"कसला वास?"