डाव्या पायाचं माप

सरकारी नोकरी माणसाच्या चारित्र्यावर उभी असते, असं माझे मामा सांगत. माझी नोकरी डाव्या पायाच्या करंगळीवर उभी राहणार होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निजामाच्या जंगल खात्यात, किनवटकडे, काही जागा निघाल्या होत्या. मी रेणापूरकडच्या शेतकरी घरातला, मॅट्रिक होऊन नांदेडला मामांकडे येऊन राहिलो होतो. जागा गेली तर परत जाऊन थोरल्या भावाच्या हाताखाली औत धरायचं होतं. तो माझी वाटच पाहत होता. हुकमात दोन अटी होत्या: उमेदवारानं बूट घालून सोळा मैल चालून दाखवावं, आणि त्याच्या अंगात काही ऐब, म्हणजे व्यंग, नसावं. मामा एका वकिलाचे मुन्शी. त्यांनी तो उर्दू कागद उभ्यानं वाचला आणि मलाही उभं केलं.

लहानपणी बैलानं माझ्या डाव्या पायावर खूर दिला होता. पाय पुढून बोटभर रुंद झाला, करंगळी आडवी वळली. गावात याचं काही वाटलं नाही, कारण तिकडच्या जोड्याला डावा-उजवा नसे. महिन्याभरानं अदलाबदल करायची, म्हणजे टाचा सारख्या झिजत. मामांना माझा पाय रोज दिसत असणार, पण मान खाली घालून बघायची त्यांना सवय नव्हती.

ते मला एका म्हाताऱ्या मोच्याकडे घेऊन गेले. तिथं आणखी एक उमेदवार माप द्यायला बसला होता. मोच्यानं कागदावर माझा उजवा पाय आखून घेतला. "आता दुसरा."

"दुसरा कशाला?" मामा म्हणाले. "एकाच आईचे पाय हायत."

"मुन्शीजी, एका आईचे दोन भाऊ तरी कुठं सारखे असतेत?"

मामांचं सख्ख्या भावाशी बोलणं नव्हतं. त्यांचा आवाज असा चढला की माप एकाच पायाचं झालं. तो उमेदवार बघत होता, म्हणून मीही डावा पाय धोतराखाली ओढून गप्प बसलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बूट आले. उजवा असा बसला, जणू पायावरच शिवला होता. डाव्यात पाऊल शिरलं, आणि दहा पावलांत डोळ्यांत पाणी आलं. दुपारी मी एकटाच मोच्याकडे गेलो.

"आत्ता न्हाई," तो म्हणाला. "चालून ये. पाय फुगला की सांजच्याला माप खरं."

नदीकाठानं चालून संध्याकाळी परत आलो आणि पाय पुढं केला. त्यानं करंगळीवर अंगठा दाबला.

"बैल?"

"हाव, चाचा."

"त्या दिवशी तोंड शिवलं होतं का रे?"

त्यानं बूट भिजवला, आत लाकडी साचा ठोकला आणि करंगळीच्या जागी साच्याला चामड्याचा तुकडा जडवला. सकाळी उजाडता उजाडता बूट हातात दिला, तेव्हा तो अजून ओला होता. "चालत राहिलास तर चमडं पायाचं ऐकंल," चाचा म्हणाला. "थांबलास की सोताचं खरं करंल. थांबू नको बेटा."

नायगावच्या रस्त्यानं आठ मैल जायचं आणि आठ मैल यायचं. आम्ही सात जण पायी, परीक्षा घेणारे जंगल खात्याचे साहेब टांग्यात, छत्री लावून. जाताना बूट खरंच माझं ऐकत होता. आठव्या मैलाच्या दगडाशी साहेबांनी टांगा थांबवला, आम्हाला रांगेत उभं केलं आणि भाषण सुरू केलं.

जंगल ही सरकारची अमानत आहे, हे सांगायला त्यांना निजामाच्या नावाआधीचे सगळे किताब घ्यावे लागले. किताब लांबलचक होते. ऊन वर आलं होतं. प्रत्येक किताबागणिक चामडं सुकत होतं, आणि करंगळी आत कुठं आहे ते मला बारकाईनं कळत होतं.

शेजारी तोच उमेदवार होता. "का हो," तो हळूच म्हणाला, "डावा पाय उचलून राहिलाव?"

"मैल मोजून राहिलो."

तो साहेबांकडे बघायला लागला. आता तोंड उघडतो, असं मला वाटलं. तेवढ्यात साहेब आमच्या पायांकडे बघत रांगेतून चालत आले. माझ्यापाशी थांबले. मी दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या. "पॉलिश अच्छी है," साहेब म्हणाले, आणि टांग्यात जाऊन बसले.

परतताना पहिले दोन मैल मी चाललो ते कसे, हे मला सांगता येणार नाही. पुढं पाय बधिर झाला आणि सोपं गेलं. त्या उमेदवाराचे बूट ऐटदार पण सैल होते. बाराव्या मैलाला टाचा सोलवटून तो रस्त्याकडेला बसला. मी न लंगडता पोचलो. घरी मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवून चारित्र्याबद्दल चार शब्द सांगितले. बूट कापून काढावा लागतो की काय, या काळजीत मी ते ऐकले.

महिन्याभरानं नेमणूक आली: किनवटच्या दफ्तरात, कागदांच्या नकला करायला. दफ्तरात जाजम अंथरलेलं होतं. बूट दाराबाहेर काढावे लागत.