कोरड्या वाळूवरून

आमच्या दैनिकाच्या धाराशिव पानावर धरणांची पाणीपातळी रोज मी देत असे. पाणी वाढतं ते पावसानं, आणि वाढलं तर दुसऱ्या दिवशी छापता येतं, एवढीच माझी पाण्याबद्दलची समजूत होती.

जानेवारीत थोरल्या भावाला, अण्णांना, घेऊन मी कोकणात गेलो. अण्णा येडशीला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर त्यांना समुद्र पाहायचा होता. मला पुरवणीसाठी लेख हवा होता. किनाऱ्याला कातळाची लांब भिंत होती. वाळूपासून कमरेएवढ्या उंचीवर, खाचा धरत, आडवं सरकत पलीकडं उतरायचं. नवख्यांनाही जमतं, असं ऐकलं होतं.

"खाली वाळूच आहे, अण्णा. पडलात तरी बसल्यासारखं."

"मला पवायला येत न्हाय, बाबा."

"इथं पोहायचंय कुठं?"

चपला खडकाखाली ठेवल्या. मी पुढं, अण्णा मागं. अर्ध्यावर एका रुंद कपारीत बसून मी फोटो काढले, टिपणं घेतली. तासभर गेला. पुन्हा सरकायला लागलो तेव्हा चपला तरंगताना दिसल्या. आभाळ स्वच्छ होतं, म्हणून मी पाण्याकडं पाहिलंच नव्हतं. एक लाट पायांवरून गेली आणि मी झपाझप पलीकडं उतरलो. मागं वळून पाहिलं ते कोरड्या वाळूवरून. अण्णा कातळाला गाल टेकवून उभे होते. हाक मारत नव्हते. मी गेलो नाही.

खडकावरचे शिंपले, कालवं, काढणारी एक बाई कमरेएवढ्या पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेली. त्यांचा एकेक पाय हातानं उचलून खाचेत ठेवत तिनं त्यांना आणलं.

"भरतीची वेळ विचारलीस नाय कुणाला?" ती मला म्हणाली. "आणि म्हाताऱ्याला टाकून आलास होय रे?"

"मीच म्हणलं त्याला, तू हो पुढं," अण्णा म्हणाले.

ते असं म्हणाले नव्हते.

लेख छापून आला. भरतीची वेळ विचारून जावं, ही सूचना त्यात होती. ती मला कशी सुचली, ते नव्हतं. अण्णाही नव्हते.

त्या रविवारी येडशीला गेलो. अण्णांचा शेजारी पुरवणी घेऊन बसला होता. "अण्णा, तुमी बी गेलता म्हनं कातळावर? ह्यात तर ह्ये एकटंच दिसतंय."

"मी वाळूत बसलो होतो," अण्णा म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

मी तो घेतला.