फॉर्मवर नसलेला झिरा

मी नदीच्या गुडघाभर पाण्यात उभा राहून सॅम्पलची बाटली विसळत होतो. तेवढ्यात काठावरून रमिलाताई म्हणाल्या, "सर, हे पाणी आम्ही पीतच नाही."

"मग कुठलं पिता?"

त्यांनी काठालगतच्या वाळूतला खड्डा दाखवला. झिरा. वाळू हाताने उकरायची, जरा थांबायचं, खालून पाणी झिरपून वर येतं. नवापूरकडच्या कितीतरी पाड्यांवर पिण्याचं पाणी हेच. दिसायला एकदम नितळ.

मी सरकारी पाणी-प्रयोगशाळेतला केमिस्ट. विसरवाडीच्या हायवेपासून आत असलेल्या या पाड्याची तक्रार आली होती की नदीत मासे मरतात. वरच्या अंगाला ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडणारी एक शेड होती. बॅटरीत मुख्य गोष्टी दोन, शिसं आणि ॲसिड. शिसं विकलं जातं, ॲसिड नाल्यात ओततात आणि त्याबरोबर शिशाची भुकटीही जाते. एवढं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क घेतले असते!

पण फॉर्मवर लिहिलं होतं, नदीचं सॅम्पल प्रवाहाच्या मध्यातून. खाली रकाने होते विहीर, बोअर, हातपंप आणि नदी. झिऱ्याला रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे सॅम्पल नाही, अशी माझी नोकरीभरची सवय.

रमिलाताई पाड्यावरच्या अंगणवाडीच्या सेविका. त्यांची तीन वर्षांची मुलगी निकिता तिथेच बाकीच्या पोरांत बसायची. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून झिऱ्याचं पाणी जिभेला आंबूस लागतं, सर. म्हणून अंगणवाडीला मी टेकडीपलीकडच्या हातपंपावरून आणते. रोज दोन खेपा होतात. झिऱ्याचं चालेल का?"

"अहो ताई, वाळू म्हणजे फुकटचं फिल्टर! निर्धास्त पाजा."

हे मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही, मी. वाळू कचरा अडवते, पाण्यात विरघळलेलं काही अडवत नाही. शिवाय शिसं जड, ते वाहत्या पाण्यात फार टिकत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसतं. झिरा खणतात तो नेमका त्याच गाळात. त्यात ॲसिडचं पाणी मुरलं की बसलेलं शिसं पुन्हा विरघळतं. माझ्या खिशात आंबटपणा तपासायची कागदी पट्टी होती. झिऱ्यात बुडवली असती तर अर्ध्या मिनिटात रंग बदलला असता. मी खिशात हातही घातला नाही.

निघताना ताईंनी झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "राहू द्या, आहे माझ्याकडे," म्हणून मी गाडीतली बाटली तोंडाला लावली.

रिपोर्ट आला, सगळं लिमिटमध्ये. पावसाळा नुकताच सरलेला, नदी वाहती होती, त्यात सगळं पातळ झालेलं, दुसरं काय येणार! आमचे साहेब शहाद्याचे, माझ्याच भागातले, आमच्यात घरचीच बोली चालायची. म्हणाले, "चांगलं शे ना? मंग फाइल बंद करी टाक, भाऊ."

टाकली बंद.

होळीच्या आधी रमिलाताई नंदुरबारला थेट लॅबमध्ये आल्या. एका हातात पोरांच्या वजनाचं रजिस्टर, दुसऱ्या हातात कॅन. पोरांची पोटं दुखत होती, जेवण जात नव्हतं, वजनं जागच्या जागी. निकिता आधी दिवसभर बडबड करायची, आता हाक मारली तरी बघत नव्हती.

"झिऱ्याचं आहे, सर. आता तरी तपासा."

पट्टी बुडवताच लाल झाली. मशीनवर दोनदा लावलं. माझी चूक निघू नये म्हणून तिसऱ्यांदाही लावलं, खोटं कशाला सांगू? शिसं लिमिटच्या कितीतरी वर होतं.

फॉर्मवर रकाने खोडून मी हाताने 'झिरा' लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं. ते वैतागले, "हाई काय नवीन काढं तू?"

"नवीन नही, साहेब. मन्ही चूक शे."

शेडला सील लागलं. झिरे बुजवले, टँकर सुरू झाला. पोरांची रक्ततपासणी झाली. बहुतेकांची पोटदुखी थांबली, वजनं सरकू लागली. निकिताच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल, पण मागे पडलेलं भरून येईलच असं सांगता येत नाही. नदीतला गाळ आहे तिथेच आहे.

आता नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये मी एवढंच सांगतो, लोक जिथलं पितात तिथलं सॅम्पल आधी घ्या, फॉर्म नंतर भरा. ती लिहून घेतात. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती, ताईंनी तर बोटाने दाखवलं होतं.

माफी मागायला मी पाड्यावर गेलो. ताईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून मी हातपंपाच्या खेपा बंद केल्या, सर. त्या दिवशी एक घोट घेतला असता, तर तुम्हालाही आंबूस लागलं असतं."

मग आत जाऊन त्यांनी तांब्या आणला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि तळापर्यंत प्यायलो. पाणी हातपंपाचं होतं. निकिता दारात बसून माझ्याकडे बघत होती, की नुसतीच बघत होती, ते मला कळलं नाही.