टॉवेलचा उजेड

आमच्या घरी मागावर टॉवेल निघतात, म्हणून प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसायला मी घरचेच कोरे पांढरे टॉवेल न्यायचे. माग घरात असताना टॉवेल विकत कोण आणतं? त्या दिवशी अतिनील दिव्याखाली माझं ग्राफीन ऑक्साइडचं द्रावण निळं लखलखलं. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. "उद्या सगळ्यांना दाखवू," म्हणाले. मला मात्र धडकी भरली. इतकं झगझगीत कसं?

शुद्ध ग्राफीन, म्हणजे कार्बनची एकसलग जाळी, असं उजळत नाही. त्यात इलेक्ट्रॉन मोकाट पळतात आणि घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन विरते. ऑक्सिजन चिकटला की ती सलग जाळी तुटते आणि लहान लहान बेटं उरतात. बेटावर अडकलेला इलेक्ट्रॉन ती ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. पण हा प्रकाश मंद असतो, आणि माझ्या नळीत तर दिवाळी होती.

सकाळी लवकर जाऊन मी नळी पुसून नुसतं पाणी भरलं. दिव्याखाली तेही निळं! टॉवेलच दिव्याखाली धरला, तर तो पेटल्यासारखा निळा झाला. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून वडील धुण्याच्या शेवटच्या पाण्यात निळं चमकणारं रसायन घालतात, त्याचीच ही करामत.

दुसरी नळी धुतली, न पुसता वाळवली, द्रावण भरलं. जेमतेम दिसेल असा पिवळसर उजेड. तेवढ्यात सर आलेच.

"कालचा निळा कुठं गेला?"

मी टॉवेल पुन्हा दिव्याखाली धरला.

"तो आमच्या घरचा होता, सर. ग्राफीनचा एवढाच हाय."