दोन तारीख वर, तीस तारीख खाली

दुष्काळात लातूरकडच्या एका तालुक्यासाठी मी नांदेडला बसून टँकरच्या फेऱ्यांचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. गावांची यादी सारखी वाढायची, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी नवी आवृत्ती पाठवायचो. तिला नाव त्या दिवसाच्या तारखेचं: आधी दिवस, मग महिना, शेवटी वर्ष. नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती, तेव्हा जिल्ह्याचं नाव एका झटक्यात बदलता येईल, अशी सोयही मी करून ठेवली होती. फार हुशार समजायचो स्वतःला.

एकदा तिथल्या ऑपरेटर ताईंचा फोन आला. "सर, तुम्ही तांड्याचं नाव टाकलं म्हणालात, यादीत तर दिसत न्हाई."

त्यांनी जुनीच आवृत्ती चढवली होती. मी भडकलो. "ताई, दोन तारखेची सोडून मागच्या महिन्यातली तीस तारखेची कशी काय घेतली तुम्ही?"

"सगळ्यात खालची घेतली. रजिस्टरात नवी नोंद खालीच असती की."

मी फोल्डर उघडून बघितलं. संगणकानं महिना न बघता नावातल्या पहिल्या आकड्यावरून दोन तारीख वर आणि तीस तारीख खाली लावली होती. चूक माझीच होती. मग मी मोठ्या उत्साहानं समजावू लागलो, की आता वर्ष आधी लिहीन, मग महिना, मग दिवस. म्हणजे नवी आवृत्ती आपोआप खाली येईल.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वर्ष आधी लिवा न्हाईतर मागून लिवा, सर. तांड्यावर तीन दिवस झाले टँकर गेला न्हाई, ते आधी बघा."