खानावळीची मागची बाजू

दुष्काळ सोडला तर माझ्या साडूंइतकी माणसे उपाशी ठेवणारे दुसरे काही मी आयुष्यात पाहिले नाही. आणि दुष्काळ निदान पाऊस पडला की आवरते घेतो. साडूंना आवरणारे काही निघाले नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, शहापूरच्या एका विणकराच्या मुली. थोरली त्यांना दिली, मधली मला. मी बेळगावात शाळामास्तर, आणि ते शहापुरी साड्यांचा गठ्ठा पाठीवर घेऊन संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लजचे बाजार करणारे. त्यामुळे या मुलखातली प्रत्येक खानावळ आपल्याला ठाऊक आहे असा त्यांचा दावा होता, आणि तो खरा होता. ठाऊक सगळ्याच होत्या. जेवले मात्र ते फार थोड्यांत होते.

चार माणसे मिळून कुठे निघाली आणि वाटेत जेवायची वेळ आली, की ते आपोआप पुढे होत. त्यांना कोणी नेमलेले नसे. छत्री बगलेत मारून ते सगळ्यांकडे एकदा प्रेमाने बघत आणि म्हणत, "तुमी म्हणशीला तसं." या वाक्याची मला धास्ती असे, कारण त्यानंतर आपण म्हणू तसे काहीही होत नसे. कोणी समोरच्या खानावळीकडे बोट दाखवले, तर साडू तिची पाटी वाचत नसत, दारात उभ्या मालकाच्या रामरामाकडे बघत नसत. ते सरळ बोळात शिरत आणि खानावळीच्या मागे जात. तिथे उष्ट्या पत्रावळींचा ढीग असे. छत्रीच्या टोकाने ते एकेक पत्रावळ उलटीसुलटी करत आणि लोकांनी काय खाल्ले, काय टाकले ते बघत. मी एकदा वैतागून विचारले, तेव्हा त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावे तसे सांगितले, "मास्तर, खानावळीचं तोंड कुणीबी धुऊन ठेवतंय. आपुन पाठ बघायची."

एवढ्यावरून तरी निकाल लागावा. पण साडूंच्या शास्त्रात पास होण्याची सोयच नव्हती. पत्रावळीवर भात उरलेला असला तर भात वाईट. काहीच उरलेले नसले तर मालक हात आखडून वाढतो. मागे कुत्री नसली तर इथले अन्न कुत्रीसुद्धा खात नाहीत; फार असली तर माणसे जेवत नाहीत, कुत्रीच जेवतात. आचारी वाळका असला तर स्वतःच्या हातचे त्यालाच जात नाही, जाडा असला तर आपल्या वाट्याला काय उरणार. हे सगळे ते इतक्या गंभीरपणे बोलत की पहिल्यांदा ऐकणारा मान डोलावी. दुसऱ्यांदा ऐकणारा घरून दशम्या बांधून घेई. गोकाकचा धबधबा बघायला आम्ही दोन्ही कुटुंबे मिळून गेलो, तेव्हा पाऊसकाळ नुकताच सरलेला, सगळे जग त्या पाण्याकडे तोंड करून उभे, आणि साडू त्या जगाकडे पाठ करून झोपड्यांतल्या खानावळींचा मागचा उतार तपासत फिरत होते. पुढे कोणी धबधब्याचे नाव काढले की ते म्हणत, "तितल्या आमटीत पाणी लई." याखेरीज गोकाकबद्दल त्यांना काही सांगता आले नाही.

बरे, माणूस चवीचा असता तर मी हे सोसले असते. पण घरी त्यांच्या पुढ्यात काय वाढले आहे याचा त्यांना पत्ता नसे. एकदा माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजीत मीठच घातले नाही. आमच्या तोंडात घास फिरेना, आणि साडू दोन भाकऱ्या खाऊन, हात धुऊन, पान जुळवत बसले. तिने शरमेने विचारले तर म्हणाले, "घरात काय बघायचं असतंय?" म्हणजे जिभेचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता. त्यांना जेवायचे नसे, त्यांना निवडायचे असे. आणि निवडायला आम्ही सगळे लागत असू, भुकेले, एका रांगेत.

आता निपाणीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे आयुष्यभर ते तिच्यावर जगले. आमच्या धाकट्या मेहुणीचे लग्न जमत नव्हते. मुलगी चांगली, पण दोन ठिकाणे यादीच्या बैठकीत, देण्याघेण्यावरून मोडली होती. सासऱ्यांचे दोन माग, त्यातला एक बंद, देणार कुठून? आमच्यात दोनदा मोडलेल्या मुलीला तिसऱ्यांदा विचारायला येतात, चौथ्यांदा कोणी येत नाही. तिसरे ठिकाण निपाणीचे निघाले. मुलगा तंबाखूच्या वखारीत तोलाईच्या कामावर, बाप लहानपणीच गेलेला, चुलते घरचे कर्ते. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. आदल्या दिवशी सासरे, साडू, मी आणि भावकीतले दोघे असे सर्व्हिस मोटारीने निघालो. दुपारी मोटार संकेश्वरला जेवणासाठी थांबली. साडू म्हणाले, "तुमी म्हणशीला तसं," आणि मागे गेले. ते परत आले ते ड्रायव्हरने तिसऱ्यांदा भोंगा वाजवल्यावर. आम्ही मूठमूठ शेंगा खाऊन मोटारीत बसलो. सासऱ्यांनी टरफले जरा जोरातच बाहेर फेकली.

निपाणीत उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलाचे चुलते स्टँडवर घ्यायला आलेले. उंच, कमी बोलणारे, मिशा पांढऱ्या. सोयरीक ठरून सुपारी फुटेपर्यंत मुलाकडचे अन्नपाणी घ्यायचे नाही अशी आमच्यात रीत. त्यांनाही ती माहीत होती. म्हणून ते म्हणाले, "तुमी आमच्यात जेवणार न्हाईसा, तर मीच तुमच्यासंगं खानावळीत बसतो. ही म्होरची चांगली हाय. आमी अडीनडीला हितंच जेवतोय."

"असंल की," साडू म्हणाले. "तुमी म्हणशीला तसं." आणि बोळात शिरले.

चुलत्यांना वाटले, माणूस आडोशाला गेला असेल. ते सभ्यपणे दुसरीकडे बघत उभे राहिले. पण वेळ लागला तसे ते बोळाच्या तोंडाशी गेले. तिथे त्यांना होणाऱ्या सुनेचा थोरला दाजी उकिरड्यावर वाकून पत्रावळी उलटताना दिसला.

"भात टाकलाय, मास्तर," साडू मला ओरडून सांगत होते. "निम्मा निम्मा भात टाकलाय लोकांनी."

चुलते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारले, "ह्ये तुमचं साडू. उष्ट्यात काय हुडकत्यात?"

"सवय आहे त्यांची," मी म्हणालो.

"सवय," चुलते म्हणाले, आणि माझ्यापासून हातभर लांब उभे राहिले. सासऱ्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, आवरा ह्या माणसाला," ते म्हणाले. "पोरीचं तिसरं ठिकाण हाय ह्ये."

साडूंना आवरणे माझ्या शिक्षणाच्या बाहेरचे होते. दुसऱ्या खानावळीच्या मागे पत्रावळी पुसल्यासारख्या स्वच्छ निघाल्या. माणसे उपाशी उठलेली. तिसरीमागे कुत्रे नव्हते. चौथीमागे सात-आठ होती आणि त्यांनी साडूंना ओळखीचा समजून शेपट्या हलवल्या, हाही त्या खानावळीचाच दोष ठरला. वखारींच्या गल्ल्यांतून ही वरात चालली होती. हवेत तंबाखूची भुकटी, त्यात रिकामे पोट. सासरे शिंकायला लागले ते थांबेनात. भावकीतले दोघे एकमेकांशीच बोलत होते, आणि जे बोलत होते ते मी इथे लिहीत नाही. शेवटी साडूंना पाचव्या बोळात सोडून आम्ही फिरून पहिल्या खानावळीशी आलो, तर मालक चुलीवर पाणी ओतत होता. आम्हांला बघून तो म्हणाला, "मगाशी मागं उकरत हुतं ते तुमच्यातलंच न्हवं? मग जावा की तिकडंच जेवायला."

सासरे खानावळीच्या पायरीवर बसले. तोंड पांढरे पडले होते. चुलते वाकून म्हणाले, "घरला चला, पावणं. चूल पेटती हाय."

सासऱ्यांनी मान हलवली. "सुपारी फुटल्याबिगर तुमचं पाणी चालायचं न्हाय."

"अवो, घेरी यील तुमास्नी."

"यीना का. उद्या कुणी म्हणाय नको, पोरगीच्या बापानं आदी खाल्लं आनि मग बोलणी केली."

चुलते थोडा वेळ मिशीवर हात फिरवत उभे राहिले. मग समोरच्या पानपट्टीवर गेले आणि अख्खी सुपारी नि अडकित्ता घेऊन आले. सासऱ्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "त्यो माणूस आज तुमास्नी मारतोय, आनि तुमच्यासंगं मलाबी. लई भूक लागल्या मला. धरा हात. देणंघेणं जेवल्यावर बघू." भावकीतले दोघे आणि पानवाला यांच्या साक्षीने, बंद खानावळीच्या पायरीवर, माझ्या मेहुणीची सुपारी फुटली.

त्याच वेळी बोळातून साडू आले. छत्रीचे टोक भिंतीला पुसत ते समाधानाने म्हणाले, "पल्याड एक हाय. बरी वाटतीया."

चुलत्यांनी सासऱ्यांना हात देऊन उठवले. आम्ही चुलत्यांच्या घरी गेलो. पाट मांडले, पाने वाढली, आणि बघतो तो साडू नाहीत. ते परसात गेले होते. आतून घरच्या बाईंचा आवाज आला, "तिकडं म्हस हाय, पावणं. हिकडनं या." मी तेव्हा मान खाली घातली ती तिसऱ्या भाकरीपर्यंत वर केली नाही.

जेवणानंतर यादीचा विषय निघाला, पण सुपारी आधी फुटल्यावर यादीला जोर कुठला? चुलत्यांनीही ताणले नाही. पान लावत ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. भुकेची सोयरीक ही, हिला यादी कशाला?" सासऱ्यांनी घटकाभर पंच्याने डोळे टिपले आणि तंबाखूला दोष दिला.

झाले ते इतकेच. पण बेळगावात परतेपर्यंत साडूंनी त्याचे काय करून ठेवले ते ऐकावे. "मास्तर, ते समदं मी जाणून केलतं," संकेश्वरच्या अलीकडेच ते मला म्हणाले. "यादी झाली असती तर मोडलंच असतं. म्हणून म्हटलं, आदी भुकेला आणावं." मी त्यांना दर वर्षी सांगत आलो की हे साफ खोटे आहे, चौथ्या खानावळीमागून ते कोणता चेहरा घेऊन आले तो मी पाहिला आहे. त्या चेहऱ्यात डावपेच नव्हता, नुसती कुत्र्यांबद्दलची नाराजी होती. अजूनही माझे मत तेच आहे. मेला म्हणून माणूस हुशार ठरत नाही.

पण धाकट्या मेहुणीला ते पटले होते. दर वर्षी ती त्यांना निपाणीला जेवायला बोलावी. ते येणार त्या दिवशी पहाटे उठून ती परस झाडून, सडा घालून, सारवून ठेवी आणि म्हशीला पलीकडे बांधी. साडू जात, छत्रीवर रेलून सगळीकडे बघत, आणि येऊन म्हणत, "बरं हाय." माझ्या माहितीत त्यांनी पास केलेली जेवणाची जागा ती एकच.

यंदा कार्तिकात ताप येऊन ते गेले. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला आम्ही सगळे शहापूरच्या स्मशानात जमलो. त्यांच्या बायकोने पत्रावळीवर भाकरी, वांगे, दहीभात, कडेला पान-सुपारी असा नैवेद्य मांडला. कावळा समोरच्या आंब्यावर होता. तो येईना. मुलाने आईला सांभाळीन म्हणून सांगितले, त्यांच्या भावाने वाटणी नीट करीन म्हणून सांगितले. मीही, असल्या गोष्टींवर विश्वास नसताना, मुलांच्या शिक्षणाचे काहीतरी पुटपुटलो. कावळा नुसता मान वाकडी करून बघत होता. ऊन चढले. लोक पायांवरचा भार बदलू लागले.

तेव्हा निपाणीची मेहुणी पुढे झाली. पत्रावळीच्या मागची जमीन तिने पदराच्या टोकाने झाडली, तिथले दोन खडे उचलून बाजूला टाकले आणि आंब्याकडे बघून म्हणाली, "दाजी, मागचं समदं झाडलंय. हितं दुसरी खानावळ न्हाय. बसा आता."

कावळा उतरला. पानाला लगेच शिवला नाही. उड्या मारत आधी मागच्या बाजूला गेला आणि तिथून एक सावकाश फेरी घालू लागला. आम्ही सगळे सकाळपासून उपाशी हात जोडून उभे होतो, आणि कोणीही त्याला घाई केली नाही.