भाईदास नाना 'येतो' म्हणाले त्याची गोष्ट

भडगावात लग्न असो की मयत, कोणी कुठं बसायचं आणि नारळ आधी कोणाच्या हातात द्यायचा, हे भाईदास नानांना विचारल्याशिवाय ठरत नाही. पंगतीत चुकीच्या जागी बसला म्हणून स्वतःच्या व्याह्याला उठवणारा हा माणूस. व्याही अजून सरळ बोलत नाही, ती गंमत वेगळीच.

अशा माणसाची जीभ घसरावी, आणि तीही मयताच्या घरी!

सावद्याचे केळीवाले उखर्डू आबा गेले. नानांचे जुने दोस्त. दारावर, म्हणजे घरच्यांच्या सांत्वनाला, जायला नानांनी शेजारच्या अभिमनची गाडी घेतली आणि रस्ताभर त्याला शिकवत गेले. "चहा मागायचा नाही. अन् निघताना 'येतो' तर बिलकुल म्हणायचं नाही. मयताच्या दारात 'येतो' म्हणजे पुन्हा अशाच कामाला येतो. मुकाट उठायचं, चपला घालायच्या, चालू लागायचं."

सगळं रीतीनं झालं. नाना उठले, पाय चपलेत घातला. इतकी वर्षं इथूनच मागं वळून खाटेवरच्या आबांना जे म्हणायचे, ते तोंडातून निघून गेलं, "येतो बरं!"

आबांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, मान वर केली.

गाडीत अभिमनचे खांदे हलत होते.

"हसू नको रे."

"हसतोय कुठं नाना? खड्डे आहेत."

"गाडी सुरू तर कर आधी!"

घरी ताट तसंच राहिलं. बायकोनं, द्रौपदाबाईंनी, विचारलं, "काय व्हयनं? पोट दुखस का?"

"तोंड दुखस," म्हणाले, आणि येरझाऱ्या घालू लागले.

अभिमनच्या पोटात गोष्ट राहते होय! दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात जो तो उठताना खणखणीत आवाजात, "येतो नाना!" नानांनी तेही गिळलं. कुंदाबाईंची ती वर झालेली मान मात्र गिळता येईना. वहिनींना काय वाटलं असेल? माफी मागायला जावं, तर अभद्र बोललेलं खरं केल्यासारखं. न जावं, तर दोस्ताच्या घराशी गाठ तुटली. गावाला रीत सांगणाऱ्याला स्वतःपुरती रीत सापडेना. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. द्रौपदाबाईंनी शेवटी नंबर लावूनच त्यांच्या कानाला धरला.

"वहिनी, त्या दिवशी माझ्या तोंडून..."

"हो, म्हणाले तुम्ही," कुंदाबाई म्हणाल्या. "मग आले का नाही?"

नानांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"सारे मुकाट उठून गेले, भाऊ. रीत आहे, कबूल. पण अशी पाठ फिरवून गेली माणसं, की वाटलं आता या घरी कोणी यायचंच नाही. तुम्ही एकटे म्हणाले येतो. मी वाट पाहते ना."

नाना दुसऱ्या दिवशी अभिमनच्याच गाडीनं गेले. आबांच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागितला. आबांच्या चहाड्या सांगितल्या. कुंदाबाई रडता रडता हसल्या.

निघताना पाय चपलेत गेला आणि नाना पुन्हा अडकले. तेरावं अजून व्हायचं होतं. पाठीमागं अभिमन कान टवकारून उभा.

"म्हणा की, भाऊ," कुंदाबाई म्हणाल्या.

"येतो," नाना म्हणाले. मग अभिमनकडं वळून डाफरले, "तुला काय झालं? माणसासारखं सांगून निघता येत नाही?"